पाव फेरा फिरवा, मग थांबा

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणारा रस्ता दुर्गापूरवरून जातो. पहाटे या रस्त्याने ताडोब्याच्या जिप्सी धावतात आणि आत बसलेल्यांचे डोळे पुढच्या जंगलाकडे लागलेले असतात. वाटेतल्या औष्णिक केंद्राकडे फारसं कुणी पाहत नाही. आज आपण तिकडेच पाहू. चिमण्यांकडे मात्र नाही. आपल्याला पाहायचा आहे तो दोन मुठींत मावणारा एक धातूचा ठोकळा. त्याला एअर बूस्टर म्हणतात. मोठा कंट्रोल व्हॉल्व्ह झटकन हलावा म्हणून तो लावलेला असतो. त्याच्या अंगावर एक बारीक स्क्रू असतो, आणि हे सगळं मनन त्या स्क्रूपाशी पोचण्यासाठी आहे.

घाई नको. पाळी संपवून घरी आला असाल तर हातपाय धुवा, पाणी प्या, मग वाचायला बसा. यंत्रांशी तुमचा काही संबंध नसला तरी बिघडत नाही. एकेक परिच्छेद झाला की थोडं थांबा, सांगितलेली वस्तू डोळ्यांपुढे आणा, ती नीट दिसली की पुढे चला.

हवा

सुरुवात हवेपासून करू.

श्रावणातली एक घनमीटर हवा मनात आणा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच. बाहेर झड लागली आहे, तापमान 30 अंश आहे. एवढ्या हवेत जवळपास 30 ग्रॅम पाणी वाफ होऊन राहिलेलं असतं. आता अशी आठ घनमीटर हवा कॉम्प्रेसरने दाबून एका घनमीटरच्या जागेत बसवली. गेजवर साधारण 7 किलो दाब दिसू लागला. पाणी मात्र आठही घनमीटरचं आत आलं, म्हणजे 240 ग्रॅम. दाबलेली हवा निवून पुन्हा 30 अंशांवर आली की त्या एका घनमीटरला पेलवतं फक्त 30 ग्रॅम. उरलेलं 210 ग्रॅम, पेलाभर पाणी, थेंब होऊन खाली बसतं.

हा पेला डोळ्यांपुढे ठेवा. कॉम्प्रेसर दिवसभर चालतो आणि असे पेले भरतच राहतात. रिसीव्हरच्या तळाचा ड्रेन आणि एअर ड्रायर यांनी ते वेळच्या वेळी काढले नाहीत, तर ते पाणी लाईनीतून पुढे सरकत थेट व्हॉल्व्हपाशी पोचतं.

आता तीच जागा मे महिन्यात पाहा. पारा 46-47 अंशांवर आहे. हवेत ओल नाही, पण कोळशाची भुकटी आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, गडचांदूर ही सगळी कोळसा, सिमेंट, कागद आणि राखेच्या सान्निध्यातली गावं. गडचिरोलीचं तीन चतुर्थांश क्षेत्र जंगलाखाली असलं तरी सुरजागडच्या लोहखनिजाबरोबर कोनसरीला कारखानाही आला. जिथे कारखाना तिथे दाबलेली हवा आलीच, आणि ती येते याच आभाळातून. पावसाळ्यात तिच्यात पाणी असतं, उन्हाळ्यात धूळ.

इन्स्ट्रुमेंट एअरसाठी आयएसए या संस्थेचा दंडक जगभर वापरतात. हवेतला कण 40 मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा, आणि दाबाखालच्या हवेचा दवबिंदू त्या ठिकाणच्या किमान तापमानापेक्षा निदान 10 अंशांनी खाली असावा. चंद्रपूरला थंडीतल्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे दवबिंदू शून्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली न्यायला हवा. पुढचं सगळं काम या हवेवर चालायचं आहे, म्हणून तिच्यापाशी इतका वेळ थांबलो.

व्हॉल्व्ह

आता एक व्हॉल्व्ह मनात उभा करा. औष्णिक केंद्रात बॉयलरला पाणी देणारे मोठे पंप असतात. त्यांच्याजवळ रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह असतो. भार एकदम उतरला की बॉयलरला लागणारं पाणी कमी होतं आणि पंपातून वाहणारा प्रवाह ठरलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ लागतो. पंप तर फिरतोच आहे. आतलं पाणी जागच्या जागी घुसळतं, तापतं, आणि तसंच चालू राहिलं तर पंपातच त्याची वाफ होऊ लागते. ते व्हायच्या आत या व्हॉल्व्हने उघडून पाणी डीएरेटरकडे परत वळवायचं असतं. सवड मिळते ती सेकंदांत मोजण्याइतकी.

उघडण्याचा हुकूम कंट्रोल रूममधून 4 ते 20 मिलिअँपच्या सिग्नलने येतो. व्हॉल्व्हवरचा पोझिशनर तो वाचतो, व्हॉल्व्हचा दांडा आत्ता कुठे आहे ते तपासतो आणि त्या हिशेबाने तो हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये हवा सोडतो किंवा बाहेर काढतो. पोझिशनर हिशेबाला पक्का असतो. अडचण एवढीच की त्याच्या आतल्या हवेच्या वाटा फार बारीक असतात. समोरचा अ‍ॅक्च्युएटर लहान असेल तर तेवढ्यात भागतं. तो मोठ्या पातेल्याएवढा असेल तर हुकूम क्षणात पोचतो आणि हवा मात्र मागून रखडत येते.

इथे थोडं थांबा. पोझिशनरला काय करायचं ते कळलेलं आहे, करायची तयारीही आहे, आणि तरीही व्हॉल्व्ह जागेवर पोचायला उशीर होतो आहे. हा उशीर हवेच्या मापाचा आहे. बूस्टरची गरज इथे लागते.

बूस्टर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला मामा तलाव वेगळा सांगावा लागत नाही. मालगुजारीच्या काळापासूनचे हे तलाव आजही बांध्यांना पाणी देतात. शेतकरी घागरीने बांधी भरत बसत नाही. तो तुडुमाचं, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या वाटेचं, तोंड उघडतो. पाणी आधीच साठलेलं असतं, उंचावर असतं, बांधीच्या जवळ असतं. माणसाचं काम फक्त किती उघडायचं आणि केव्हा बुजवायचं एवढं ठरवण्याचं. पोझिशनर म्हणजे तो माणूस, आणि बूस्टर म्हणजे तुडूम.

आता ठोकळा उघडून आत पाहू. मध्ये डायफ्रॅम आहे. त्याच्या एका बाजूला पोझिशनरकडून आलेला दाब, दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारा दाब. दोन्ही सारखे असले की डायफ्रॅम स्वस्थ असतो आणि वाटा बंद असतात. पोझिशनरचा दाब वाढला की डायफ्रॅम ढकलला जातो, सप्लायची मोठी वाट उघडते आणि मुख्य लाईनीतली हवा थेट अ‍ॅक्च्युएटरमध्ये शिरते. पलीकडचा दाब बरोबरीला आला की वाट आपोआप मिटते. पोझिशनरचा दाब उतरला तर एक्झॉस्टची वाट उघडते आणि जादा हवा भस्सकन बाहेर पडते.

नेहमीच्या बूस्टरमध्ये दाब वाढत नाही. आत 1 किलो आला तर बाहेर 1 किलोच जातो. वाढतं ते हवेचं प्रमाण. हुकूम जेवढा आला तेवढाच पुढे जातो, फक्त त्याच्यामागे बळ उभं राहतं. बूस्टर स्वतःचं एक अक्षरही त्यात घालत नाही. हे वाक्य मनात थोडा वेळ राहू द्या. दुसऱ्याच्या कामाला हातभार लावताना आपलं म्हणणं त्यात न मिसळणं माणसांना किती अवघड जातं, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ताडून पाहावं.

बसवण्याआधी

व्हॉल्व्ह सुस्त आहे अशी तक्रार डेस्कवरून आली की हात लगेच बूस्टरकडे जातो. तो आवरा. आधी विचारा, व्हॉल्व्ह सुस्त का आहे?

दांड्याभोवतीचा ग्लँड जास्त आवळला गेला असेल. दांड्यावर राखेचा थर बसून तो घासत असेल. फिल्टर तुंबला असेल, रेग्युलेटरचा दाब उतरला असेल, ट्यूबिंग कुठे चेपली असेल. यातल्या कुठल्याही दुखण्यावर बूस्टर हे औषध नाही. उलट घासणाऱ्या दांड्यावर एकदम जोर आला तर तो आधी अडून राहतो आणि मग उडी मारतो. आधी संथ असलेला व्हॉल्व्ह आता बेभरवशाचा होतो. म्हणून आधी अडथळा शोधायचा आणि बळाचा विचार त्यानंतर करायचा. अडथळा काढल्यावर व्हॉल्व्ह वेळेत पोचू लागला तर बूस्टरची पेटी स्टोअरला परत करावी. तेही पूर्ण झालेलं कामच.

बसवताना

परमिट घेतलं आहे. प्रोसेस वेगळी केली आहे. एअर आयसोलेट करून लाईन रिकामी केली आहे. अ‍ॅक्च्युएटरमध्ये हवा अडकलेली नाही आणि स्प्रिंग आपल्या जागेवर येऊन थांबली आहे, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. नुसतं कुणी सांगितलं म्हणून मान डोलावलेली नाही. मगच पाना हातात घ्या.

नवी लाईन जोडण्याआधी तिच्यातून मोकळी हवा सोडा. पाइप कापतानाचा बुरा, जुना गंज, टेफ्लॉन टेपचा तुकडा यातलं काहीही बूस्टरच्या सीटवर जाऊन बसू शकतं. टेप लावताना आट्याचे पहिले दोन फेरे मोकळे ठेवा. ठोकळ्यावरच्या खुणा वाचा आणि सप्लाय कुठे, सिग्नल कुठे, आउटपुट कुठे हे बोट ठेवून पक्कं करा. अ‍ॅक्च्युएटरला दोन्हीकडून हवा लागत असेल तर बूस्टरही दोन लागतात, दोन्ही बाजूंना एकेक.

आता तलाव पुन्हा आठवा. तुडुमाचं तोंड कितीही रुंद केलं, तरी तलावात पाणीच नसेल तर बांधी कोरडी राहते. बूस्टरचंही तसंच. त्याच्या मागची सप्लाय लाईन पाव इंची ठेवली तर बूस्टर लावून हाती काही येत नाही. अर्धा इंची बोअरचं क्षेत्रफळ पाव इंचीच्या चौपट असतं, आणि प्रत्यक्षात जाणारी हवा त्याहूनही जास्त पटीने वाढते, कारण रुंद वाटेत घर्षण कमी. फिल्टर रेग्युलेटरही तेवढी हवा सोडणारा हवा. बूस्टर अ‍ॅक्च्युएटरच्या जवळात जवळ, जाड निपलवर बसवा आणि मधे वळणं कमी ठेवा.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पोझिशनर आणि बूस्टर एकाच लहान रेग्युलेटरवर जोडलेले असले, तर बूस्टर उघडताच तो सगळी हवा ओढून घेतो आणि पोझिशनरचा दाब खाली बसतो. हुकूम देणाराच कमजोर पडतो. मग तो सावरायला बघतो, बूस्टर पुन्हा उघडतो आणि दोघांची ओढाताण सुरू होते. पोझिशनरला त्याचा स्वतंत्र रेग्युलेटर द्या.

स्क्रू

आता आपण त्या बारीक स्क्रूपाशी आलो.

बूस्टरच्या आत सिग्नलची बाजू आणि आउटपुटची बाजू यांना जोडणारी एक छोटी पळवाट असते. तिला बायपास म्हणतात. स्क्रू ती वाट लहानमोठी करतो. वाट उघडी असताना सिग्नल सावकाश बदलला, तर तेवढी हवा पळवाटेनेच पलीकडे पोचते, डायफ्रॅमच्या दोन्ही बाजू बरोबर राहतात आणि बूस्टर जागचा हलत नाही. सिग्नल एकदम मोठा बदलला तर एवढी हवा पळवाटेला नेता येत नाही, दोन बाजूंत फरक पडतो आणि बूस्टर जागा होतो. किरकोळ बदल पोझिशनरने एकट्याने निभवायचा, मोठ्या बदलाला बूस्टरने धावायचं. ही वाटणी तो स्क्रू करतो.

वाट पुरती बंद केली तर काय होईल? पोझिशनरच्या पुढे आता अ‍ॅक्च्युएटर राहिला नाही, बूस्टरची चिमुकली पोकळी राहिली. ती एका क्षणात भरते. जरासा सिग्नल आला तरी बूस्टर पूर्ण उघडतो, व्हॉल्व्ह जागेच्या पुढे जातो, पोझिशनर त्याला मागे ओढतो, तो फार मागे येतो. याला सगळे हंटिंग म्हणतात. दांडा सतत वरखाली होत राहतो, ग्लँड झिजतो आणि डेस्कवरच्या ट्रेंडची रेघ दातेरी होते. वेग हवा म्हणून बसवलेल्या वस्तूने व्हॉल्व्हचा निवांतपणाच घालवला.

आता माझ्याबरोबर मनात ही जुळवणी करा.

लूप मॅन्युअलवर आहे. बायपासचा स्क्रू बराच उघडा आहे. डेस्कवरच्या माणसाला फोनवर सांगा, पाच टक्के द्या. दांडा शांतपणे थोडा सरकला. एक्झॉस्टमधून भसका आला नाही. चांगलं. आता पन्नास टक्के द्यायला सांगा आणि घड्याळ लावा. व्हॉल्व्ह पोचला, पण अजून सावकाश. वेळ लिहून ठेवा.

स्क्रू पाव फेरा आत घ्या. हात काढा. थांबा.

लाईनीतला दाब स्थिर होऊ द्या. पुन्हा पाच टक्के. पुन्हा पन्नास. पुन्हा वेळ लिहा.

आणखी पाव फेरा. पुन्हा थांबा.

या थांबण्यात करायचं ते ऐकायचं असतं. केंद्राच्या आवारात वाघ-बिबट्यांचा वावर असतो, त्यामुळे रात्रपाळीचा माणूस तसाही कान उघडे ठेवूनच चालतो. तेच कान इथे कामाला येतात. लहान बदलाला बूस्टर गप्प आहे का? मोठ्या बदलाला तो एकदाच बोलतो आणि थांबतो, की बारीक बारीक फुसफुसत राहतो? दांड्यावर बोट टेकवू नका, नुसतं पाहा. जागेवर पोचल्यावर तो स्थिर झाला, की किंचित कापतो आहे?

एका फेऱ्याला कंप दिसेल. तिथे स्क्रू पाव फेरा मागे घ्या, पुन्हा दोन्ही चाचण्या करा. लहान बदलाला शांत आणि मोठ्या बदलाला चपळ अशी ती जागा. चेकनट आवळा, आणि आवळताना स्क्रू फिरला नाही ना, ते पाहण्यासाठी पन्नास टक्क्यांचा एक स्ट्रोक परत घ्या. स्मार्ट पोझिशनर असेल तर बूस्टर बसवल्यावर त्याचं ट्यूनिंग नव्याने करून घ्या, कारण त्याच्या हाताखालचा गडी बदलला आहे.

वेग देणारं हे काम वेगाने करता येत नाही. तीन पाव फेरे एकदम फिरवले तर कंप कुठे सुरू झाला ते कळतच नाही. सेकंदांत उघडणारा व्हॉल्व्ह घडतो तो कुणीतरी अर्धा तास त्याच्याजवळ उभा राहिला म्हणून.

राखण

बसवला, जुळवला, पुढे? पुढे तो उन्हापावसात वर्षानुवर्षं उभा असतो.

एक्झॉस्टच्या तोंडाशी वाका आणि पाहा. जंगलपट्ट्यात कुंभारीण माशी चिखलाची घरं बांधायला अशीच बोटभर भोकं शोधत असते. भोक कोरडं आहे, आडोशाला आहे, हवा रोज सुटत नाही. तिच्या दृष्टीने सोन्यासारखी जागा. मातीने तोंड लिंपून ती निघून जाते. मग ज्या दिवशी व्हॉल्व्हला एकदम मिटायचं असतं त्या दिवशी हवा बाहेर पडायला वाट नसते. व्हेंटला जाळीची टोपी असावी, तिचं तोंड खाली असावं आणि पावसाळा संपला की ती काढून पाहावी.

जोडांना साबणाचं पाणी लावा. एखादा बुडबुडा दिसला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. एक्झॉस्टमधून स्थिर अवस्थेतही हवा येत असेल तर सीटवर कचरा बसला आहे किंवा डायफ्रॅम फाटला आहे. बॉयलरच्या अंगाजवळच्या बूस्टरचं रबर इतरांपेक्षा लवकर कडक होतं. ते बदलायचं तर बनवणाऱ्याचाच किट घ्या, नुसता मापाला बसणारा ओ-रिंग चालत नाही. फिल्टरचा ड्रेन मे महिन्यात धूळ दाखवतो आणि ऑगस्टमध्ये पाणी. दोन्ही वेळा उघडून पाहा. ड्रेनमधून पाणी आलं तर खरी तपासणी बूस्टरची करायची नाही, कॉम्प्रेसर हाउसमधल्या ड्रायरची करायची.

आणि वर्षातून एकदा तरी, युनिट बंद असताना, स्ट्रोकची वेळ घ्या. मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा. चार सेकंदांचे सहा झाले असतील तर व्हॉल्व्ह काहीतरी सांगतो आहे. अशा वेळी स्क्रू आत घेऊन सहाचे चार करायचा मोह होतो. तसं केलं तर आकडा सुधारतो आणि दुखणं झाकलं जातं. आधी ग्लँड, फिल्टर, रेग्युलेटर पाहा. स्क्रू सगळ्यात शेवटी.

चंद्रपूर केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. आज तिथली स्थापित क्षमता 2920 मेगावॅट आहे, आणि चंद्रपूरहून थेट पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी गेली आहे. तिकडच्या दिव्याखाली बसलेल्याला कुठल्या व्हॉल्व्हवर कुणी किती फेरे मोजले हे कधी कळणार नाही. कळायची गरजही नाही. पण पुढच्या पाळीतल्या माणसाला कळायलाच हवं.

म्हणून एवढी एकच विनंती. बायपासचा स्क्रू जिथे ठेवला, तो पूर्ण बंद अवस्थेपासून किती फेरे उघडा आहे आणि स्ट्रोकला किती सेकंद लागले, हे दोन आकडे तारखेसह व्हॉल्व्हच्या कार्डावर लिहा. पुढच्या वेळी कुणीही पाना उचलण्याआधी ते कार्ड वाचावं.